क्लोझापिननं आवाज थांबले, पण भाऊ आता एकच गोष्ट पन्नास वेळा तपासतोय. कुणाच्या घरी असं झालंय का?

पेठेतली_ताई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथं, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया म्हणून निदान झालं. आम्ही शिवाजी पेठेत राहतो, आई, मी आणि तो, वडील नाहीत. आधी दोन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या, प्रत्येकी कितीतरी महिने, पण कानात येणारे आवाज काय थांबंनात, म्हणून मागच्या वर्षी डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. दर आठवड्याला तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं, रात्री एवढी लाळ गळायची की सकाळी उशी भिजलेली असायची, वजन वाढलं, सगळं सोसलं त्यानं. आणि आवाज खरंच कमी झाले हो. दिवाळीत तो स्वतः माडीवरनं खाली येऊन फराळाला बसला, आई चकल्या आणायच्या निमित्तानं आत जाऊन रडली. मग मामांच्या उद्यमनगरातल्या लेथच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जायला लागला.

आता जे चाललंय ते तिथूनच सुरू झालं. मामा आधी खूश होते, पोरगं एकेक जॉब, म्हणजे लेथवर बनवलेला नग, दोनदोनदा मायक्रोमीटर लावून माप बघतंय, माल परत येत नाही म्हणायचे. मग दोनाचं पाच झालं, पाचाचं दहा. मागच्या महिन्यात मी डबा द्यायला गेले तेव्हा डोळ्यांनी बघितलं. पितळी बुश उचलला, फडक्यानं पुसला, मायक्रोमीटर लावला, मागची रॅचेट कट कट कट तीनदा फिरवली, रीडिंग बघितलं, ट्रेमध्ये ठेवला, हात मागं घेतला आणि परत तोच बुश उचलून पुसायला लागला. मी डबा धरून वीस मिनिटं उभी होते आणि त्याच्या हातात तोच एक बुश. मामांनी "आण हिकडं" म्हणून काढून घेतला तर ह्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. माझ्याकडं बघायला पण तयार नव्हता.

घरी तर विचारूच नका. झोपायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर, मग दाराची कडी, मग परत रेग्युलेटर, रात्रीचे दीड-दोन होतात. आणि मला सारखं विचारतो, "ताई, मी आज कुणाला काय वाईट बोललो नाही ना?" एका रात्री मी मोजलं, ४१ वेळा विचारलं. नाही म्हटलं की दोन मिनिटं शांत, की परत तेच. आईबरोबर दर शुक्रवारी अंबाबाईला जायचा, तेपण नवरात्रानंतर बंद केलंय. लय खोदून विचारलं तेव्हा बोलला, देवीसमोर उभं राहिलं की आपल्या तोंडातून घाण शिवी निघेल असं वाटतं, आणि हे सांगताना लहान मुलासारखा रडला.

आता आम्हाला कळंना की हे काय आहे. जुना आजार परत उलटतोय का, डोस कमी पडतोय का? मामांना वाटतं हट्टीपणा आहे, आई म्हणते ही गोळी बंदच करूया, हिच्यामुळंच झालंय. मागच्या तारखेला डॉक्टरांना सांगायचं ठरवून गेलो होतो, पण बाहेर एवढी गर्दी, आत गेल्यावर आवाज येतात का, झोप लागते का एवढं विचारलं आणि तीच चिठ्ठी परत लिहून दिली, दोन मिनिटांत बाहेर. भाऊ पण तिथं गप्प बसला, मला काय बोलायला सुचलंच नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

चांगभलं_पन्हाळा

ताई वाईट वाटून घेऊ नका पण एवढ्या गोळ्या खाऊन माणसाचं डोकं चालेल कसं. आमच्या पाहुण्यांत एकाला असंच होतं, त्यांनी नरसोबाच्या वाडीला नेलं, अकरा दिवस दत्ताच्या पायाशी ठेवला, गोळ्या कमी कमी करत सोडल्या. एकदा करून बघायला काय हरकत आहे.

बावड्याची_आई

दादा, वाडीला जाऊ दे की, आम्हीपण दर पौर्णिमेला जातो, माझी पण श्रद्धा आहे, पण गोळ्या सोडायचं असं उघड्यावर सांगू नका हो. क्लोझापिन अचानक बंद झालं की काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय.

२०१९ चा ऑगस्टमधला महापूर आठवतोय ना सगळ्यांना. पंचगंगेचं पाणी चढलं, रस्ते बंद, आणि ही गोळी काय प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. मुलाची पट्टी संपली आणि चार दिवस गोळी नाही. तिसऱ्या रात्री तो खिडकीशी उभा राहून कुणाशी तरी भांडायला लागला, वर्षभरात असं झालं नव्हतं. पाचव्या दिवशी गोळ्या हातात आल्या, मी नेहमीचा पूर्ण डोस देणारच होते, बरं झालं त्याआधी डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले थांबा, दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलंय, आता एकदम पूर्ण डोस द्यायचा नाही, ब्लडप्रेशर धाडकन खाली येऊ शकतं, झटका येऊ शकतो. परत साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत आणलं. तेव्हापासनं माझ्याकडं पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम डब्यात जास्तीच्या असतात, पावसाळ्यात तर महिन्याच्या.

आता पोरी तुझ्या प्रश्नाचं. माझ्या मुलाला क्लोझापिन सुरू होऊन सातेक महिने झाले असतील, तेव्हा जिना सुरू झाला. चौदा पायऱ्या आमच्या. वर जाताना मोजायचा, मध्ये कुणी हाक मारली की खाली येऊन परत पहिल्यापासनं. कधी कधी कॉलेजातनं आलेली त्याची बहीण जिन्याखाली ताटकळत उभी, हा वर खाली करतोय. आम्ही पण ओरडायचो, ह्यांनी तर एकदा हात धरून ओढत वर नेलं, त्या रात्री तो जेवला नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ह्याला ओसीडीची लक्षणं म्हणतात, नको ते विचार सारखे येणं आणि तीच गोष्ट परत परत करावीशी वाटणं, आणि ह्या गोळीनं काही लोकांत ती नवीन सुरू होतात किंवा आधीची थोडी असतील तर वाढतात, हे त्यांना चांगलं माहीत असतं. पण आपण सांगितलं तरच ना. ते आवाजाचं विचारतात, आवाज नाहीत, मग पेशंट बरा.

म्हणून माझं ऐक, तोंडी सांगायच्या भानगडीत पडू नकोस, गर्दीत आपलं तोंड बंद होतं. एका कागदावर लिहून ने. कधी सुरू झालं, गोळी किती होती तेव्हा, दिवसातनं किती तास जातात, अडवलं तर काय होतं. तो बुशचा प्रसंग जसा इथं लिहिलास तसाच लिही, आणि आत गेल्या गेल्या कागदच पुढं कर. तीन आठवडे थांबायची पण गरज नाही, आधी जा.

आमच्याकडं डॉक्टरांनी डोस अगदी हळू हळू थोडा खाली आणला, आवाज परत येत नाहीत ना बघत बघत, आणि सोबत सर्ट्रालिन नावाचं ओसीडीवरचं औषध दिलं. एकदम गेलं नाही, सहा-आठ महिने लागले. आता पायऱ्या मोजतो कधीकधी, पण मनातल्या मनात आणि एकदाच.

यंत्रमाग_इचल

मी स्वतः पेशंट आहे. अकरा वर्षं झाली. सहसा अशा धाग्यात लिहीत नाही पण तुमच्या भावाचं देवळाचं वाचलं आणि राहवलं नाही.

लोकांना वाटतं आवाज आणि हे विचार एकच. तसं नाही. आवाज यायचा तेव्हा तो बाहेरून यायचा, दुसऱ्याचा असायचा, पुरुषाचा, मागून. मला सांगायचा अमुक माणूस तुझ्यावर नजर ठेवून आहे आणि मला ते शंभर टक्के खरं वाटायचं, त्यात शंका घ्यायची पण असते हे कळायचं नाही. हे दुसरं जे आहे त्यात विचार माझाच असतो. माझ्याच डोक्यात, माझ्याच आवाजात. आणि मला माहीत असतं की हे खोटं आहे, वेडेपणाचं आहे, तरी तो जात नाही, त्यामुळं हे जास्त लाजिरवाणं वाटतं. आवाजाबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं होतं, ह्याबद्दल दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझ्या डोक्यात पुतणीबद्दल घाण विचार यायचे, ती खोलीत आली की मी उठून बाहेर जायचो. घरच्यांना वाटलं ह्याला पोरं आवडत नाहीत. मी तिच्यावर जीव टाकतो.

तुमचा भाऊ देवीला शिवी देणार नाही. ज्याला देवीबद्दल काय वाटतच नाही त्याला असा विचार आला तरी तो त्याला चिकटत नाही. ज्याचा जीव आहे तिथंच हे येऊन बसतं. हे मला एका मॅडमनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला असं वाटलं.

माझं दुसरं म्हणजे हात धुणं. सुताचा कोंडा अंगाला लागतो, तिथनं सुरू झालं, नंतर कशालाही हात लागला की धुवायचं. आमच्या इचलकरंजीत पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहीत आहे, बॅरलमध्ये साठवायचं आणि त्यात मी एकटा अर्धं बॅरल हातांवर ओतणार. वहिनी काय बोलायची नाही, पण बॅरलचं झाकण उघडून आत बघायची ना, ते बघणं मला अजून दिसतं. हाताला भेगा पडून रक्त यायचं, मिठाचं कालवण बोटाला लागलं की आग आग.

एकच विनंती, त्याला हट्टी म्हणू नका. मामांना पण सांगा. हट्टी माणसाला हवं ते मिळालं की बरं वाटतं. आम्हाला एकोणपन्नासाव्या वेळेला पण बरं वाटत नाही.

पेठेतली_ताई

दादा, तुमचं भावाला वाचून दाखवलं, नाव वगैरे न सांगता. पूर्ण ऐकेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला "परत वाच". तिसऱ्यांदा पण वाचायला लावलं, आता हे पण त्यातलंच की काय मला कळंना, पण वाचलं. काकी, कागद लिहायला घेतलाय.

सायकॉलॉजी_राजारामपुरी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. इथून निदान करता येत नाही आणि करणार पण नाही, पण ताईंनी विचारलेल्या काही गोष्टींवर माहिती देता येईल.

हे दुर्मिळ नाही. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी ओसीडी होणाऱ्यांचं प्रमाण २ ते ३ टक्के असतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये पूर्ण ओसीडी साधारण १२ टक्क्यांच्या आसपास सापडतो, आणि नुसती लक्षणं धरली तर २५ ते ३० टक्क्यांपर्यंत. काहींना ती मूळ आजाराच्याही आधीपासून असतात, काहींना आजाराबरोबर येतात, आणि काहींना औषध सुरू झाल्यावर. क्लोझापिनबद्दल असे अनुभव १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नोंदवले गेलेत. ह्याच प्रकारच्या ओलांझापिन ह्या औषधानं पण होतं. क्लोझापिन मेंदूतल्या सेरोटोनिनच्या काही रिसेप्टरना जोरात अडवतं आणि त्यातूनच ही लक्षणं येत असावीत असं मानलं जातं. त्यामुळं ताई, "आजार उलटला" असं लगेच धरू नका, कारण तसं धरून क्लोझापिनचा डोस वाढवला तर तपासणं अजून वाढू शकतं. म्हणूनच नीट ओळखणं एवढं महत्त्वाचं आहे.

ओळखायचं कसं, तर इचलकरंजीच्या दादांनी जे लिहिलंय त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. आम्ही पेशंटला विचारतो, हा विचार कुणाचा आहे असं वाटतं? तुझा की कुणी डोक्यात घातलेला? बुश परत नाही मोजला तर काय होईल? "माप चुकेल अशी भीती वाटते, चुकणार नाही हे माहीत आहे तरी" असं उत्तर आलं तर ते ओसीडीकडं झुकतं. "मोजलं नाही तर ते लोक मला मारतील, आवाज तसं सांगतोय" असं आलं तर गोष्ट वेगळी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवी. दोन्हीची सरमिसळ पण असते, सगळ्यांचं एवढं स्वच्छ नसतं. किती आहे हे मोजायला वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली असते, १० प्रश्न, ० ते ४० गुण, ती करून मागा, म्हणजे दोन महिन्यांनी कमी झालं की नाही ते अंदाजानं बोलायला नको.

औषधांचं पूर्णपणे तुमच्या सायकियाट्रिस्टच्या हातात. क्लोझापिन हे मुळात दोन औषधांनी गुण आला नाही तरच देतात, म्हणजे ते काढून टाकणं हा सोपा रस्ता नाही, त्यानं आवाज थांबलेत ही मोठी कमाई आहे. सहसा डोस शक्य तेवढा खाली आणणं, सोबत ॲरिपिप्रॅझोल हे दुसरं औषध देणं, किंवा सर्ट्रालिनसारखं एसएसआरआय गटातलं औषध देणं असे पर्याय बघतात. इथं एक धोका मुद्दाम लिहिते. फ्लुवोक्सामिन नावाचं ओसीडीचं औषध आहे, एरवी चांगलं, पण ते क्लोझापिनची रक्तातली पातळी कित्येक पट वाढवतं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं नुसत्या ओसीडीसाठी गेलात तर क्लोझापिनची चिठ्ठी आधी दाखवा, न विसरता.

आणि भाऊ सिगरेट किंवा बिडी ओढतो का? ओढत असेल आणि अचानक सोडली तरी पातळी वाढते, कारण धुरामुळं शरीर हे औषध लवकर संपवतं. धूर थांबला की औषध साठतं. मावा-तंबाखूनं तसं होत नाही. भरपूर कॉफीनं पण पातळी वाढते. ही लक्षणं वाढली त्याच सुमाराला असं काही बदललं का, हे कागदावर लिहा. आणि जाता जाता, पोट साफ होतं का विचारत जा. क्लोझापिनवर बद्धकोष्ठता हलक्यात घ्यायची नाही, पोरं लाजून सांगत नाहीत आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं.

आता ते ४१ वेळा विचारणं. तुम्ही प्रेमानंच उत्तर देता, पण प्रत्येक "नाही रे" त्याला दोन मिनिटं शांत करतं आणि मेंदूला शिकवतं की ताईला विचारलं की भीती जाते, म्हणून परत विचार. एकदम बंद पण करू नका, त्याला ते तोडून टाकल्यासारखं वाटेल. दोघांनी शांत वेळी बसून ठरवा, एकदा उत्तर द्यायचं, दुसऱ्यांदा विचारलं की "हा तोच प्रश्न आहे, मी तुझ्याजवळ बसते पण उत्तर देत नाही" म्हणायचं. आणि बसायचं खरंच. भीती चढते, मग उतरते, उत्तर न मिळता उतरते हे त्याला अनुभवायचंय. ह्यालाच शिस्तीत करतात तेव्हा ईआरपी थेरपी म्हणतात. सायकोसिस, म्हणजे आवाज, भास असा आजार असलेल्या माणसाबरोबर ती सावकाश करायची असते, आवाज शांत असताना, छोट्या छोट्या पायऱ्यांनी, म्हणून घरच्या घरी बुश काढून घेणं, दार ओढणं असलं करू नका.

लांबचा प्रवास जमत नसेल किंवा मध्येच घाबरायला झालं तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चांगभलं_पन्हाळा

मला हे माहीत नव्हतं. त्या पाहुण्यांचं पुढं काय झालं ते मी लिहिलं नव्हतं, सहा महिन्यांनी परत ॲडमिट करावं लागलं त्यांना. ताई, माझं आधीचं मनावर घेऊ नका.

पेठेतली_ताई

तारखेच्या आधीच जाऊन आलो. कागद दिला. डॉक्टरांनी पूर्ण वाचला, चष्मा काढून भावाकडं बघितलं आणि म्हणाले "हे तू आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही आवाजाचं विचारलं होतं." मग त्यांनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि वीस-पंचवीस मिनिटं फक्त त्याच्याशी बोलले, मला पण बाहेर बसवलं.

वाय-बॉक्स केलं, २६ आलं. क्लोझापिन २५ मिलिग्रॅमनं कमी केलंय, दोन आठवडे बघायचं आणि मग पुढं, सोबत सर्ट्रालिन अगदी लहान डोसपासून. आवाज परत आले तर लगेच फोन करायचा. सिगरेटचं विचारलं तर खरंच निघालं, वर्कशॉपमध्ये बंदी म्हणून ह्यानं सप्टेंबरमध्ये एकदम सोडली होती, आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो! आता सोडलीच आहे तर परत लावायची नाही, त्या हिशोबानं डोस बघू म्हणाले. रक्तातली क्लोझापिनची पातळी पण तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायचाय.

मामांना सगळं समजावून सांगितलं. ते लय वेळ गप्प होते, मग त्यांनी एक वही आणून दिली. जॉब मोजला की माप वहीत लिहायचं आणि सही करायची, सही झालेला जॉब परत उचलायचा नाही. मला बरं वाटलं, पण सायकॉलॉजी मॅडम, तुम्हाला विचारते, ही वही पण पुढं जाऊन तपासायचीच एक नवीन सवय होणार नाही ना? काल तीन जॉबला सही केली, चौथ्याला सही करून वही परत उघडून बघत होता.

सायकॉलॉजी_राजारामपुरी

होऊ शकते, तुम्ही बरोबर ओळखलंत. मामांनी प्रेमानं केलंय त्यामुळं मोडू नका, पण थेरपिस्टला पहिल्याच भेटीत वही दाखवा. बहुतेक ते माप लिहायचं ठेवतील आणि सही काढून टाकतील, आणि वही दिवस संपल्यावर मामांकडं राहील असं करतील. चौथ्याला वही उघडल्यावर त्यानं जॉब ट्रेमधून परत काढला का?

पेठेतली_ताई

नाही. वही उघडली, बघितली, मिटली. जॉब ट्रेमध्येच होता.